विठ्ठल हे नाव मराठी की कानडी, आणि त्याचा नेमका अर्थ काय?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. माहेर साताऱ्याचं, सासर धारवाडचं, सासरे विठ्ठलराव गेल्या वर्षी गेले आणि आता मुलगा झालाय, त्याला तेच नाव ठेवायचं मनात आहे. माहेरचे म्हणतात नाव आपलं मराठी, सासरचे म्हणतात मूळचं कानडी. नणंद म्हणते अर्थ "विटेवर उभा असलेला", नावांच्या वेबसाईटवर लिहिलंय "समृद्धी देणारा", आणि तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं की आजच्या काळात हे नाव म्हणजे पोराला शाळेत सगळे विठ्या म्हणून चिडवणार. शिवाय पत्रिकेत अक्षर भलतंच आलंय. लेकीच्या वयाची दिसतेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. एकतीस वर्षं संस्कृत आणि प्राकृत शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं तरी लोक बारशाच्या आधी फोन करून नावाचे अर्थ विचारतायत, त्यामुळे या नावाशी माझी जुनी ओळख आहे, आणि खरं सांगायचं तर याच्याइतकं मनापासून आवडणारं दुसरं नाव माझ्याकडे नाही.

आधी थोडक्यात उत्तर देते. विठ्ठल म्हणजे विष्णूच. वेगळा शब्द नाही, विष्णु हाच शब्द लोकांच्या तोंडात घासून घासून विठ्ठल झाला असं मला सगळ्यात जास्त पटतं, आणि तो घासला गेला बहुतेक कानडी मुलखात. संस्कृतचे मोठे पंडित रा. गो. भांडारकर यांनीही हेच मांडलं होतं की विष्णूचं कानडी तोंडातलं रूप म्हणजे विठ्ठु, आणि पुढचा "ल" किंवा "बा" हा प्रेमाने, आदराने लागलेला. म्हणजे विठ्ठल आणि विठोबा ही एकाच झाडाची दोन फळं. आता हे का पटतं ते सविस्तर सांगते कारण नुसतं "अमुक विद्वान म्हणाले" यावर पोराचं नाव ठेवू नये.

संस्कृत शब्द बोलीत येताना कसेही मोडत नाहीत, त्याला नियम असतात. एक नियम तुला मराठीतूनच माहितीये, फक्त तसा बघितला नसशील. संस्कृतातला "ष्ट" किंवा "ष्ठ" प्राकृतात, म्हणजे जुन्या बोलभाषांत, आला की "ट्ठ" होतो. मुष्टि, मग मुट्ठि, मग आपली मूठ. मिष्ट, मिट्ठ, त्यातून मिठाई. काष्ठ, कट्ठ, काठी. पृष्ठ म्हणजे पाठ, कोष्ठ म्हणजे कोठा, ज्येष्ठ म्हणजे जेठ. वर्गात मी मुलांना हे फळ्यावर लिहून दाखवायचे आणि मग शेवटी लिहायचे "विष्टु", आणि विचारायचे याचं काय होईल. मागच्या बाकावरचं पोर सुद्धा ओरडायचं, "विठ्ठु!" तेव्हा वर्गात जी शांतता व्हायची ना क्षणभर ती अजून आठवते.

पण मग कुणीतरी हुशार मुलगी हात वर करायची, मॅडम, शब्द विष्णु आहे, विष्टु कुठून आणलात? बरोबर शंका आहे. नियमाप्रमाणे "ष्ण"चा प्राकृतात "ण्ह" होतो, कृष्णाचा कण्ह झाला आणि त्यातून कान्हा आला, तसा विष्णूचा विण्हु झाला, जुन्या प्राकृत ग्रंथांत तो आहे. पण ही झाली जुनी वाट. नंतरच्या काळात लोकांनी तोच संस्कृत शब्द पुन्हा उचलला आणि त्यांना "ष्ण" म्हणता येईना, तेव्हा "ष्ण"चा "ष्ट" झाला. हे मनाचं सांगत नाहीये. बंगालीत कृष्णाला केष्ट म्हणतात आणि विष्णूला चक्क बिष्टु म्हणतात, बड्या माणसांना "केष्ट-बिष्टु" म्हणायचा वाक्प्रचारच आहे तिकडे. तेलंगणात कृष्णय्याचा किष्टय्या होतो. आणि तुझ्या सासरी, कानडीत, कृष्णाचं लाडाचं नाव किट्टू, हे तर तू रोज ऐकत असशील, दर दोन घरांमागे एक किट्टू असतो. मग कृष्णाचा किट्टू होतो तर विष्णूचा बिट्टी नाही का होणार? होतो. आणि झालाय. बाराव्या शतकातला कर्नाटकातल्या होयसळ घराण्याचा राजा, ज्याने बेलूरचं देऊळ बांधलं, त्याचं घरचं नाव बिट्टिदेव आणि मोठेपणीचं नाव विष्णुवर्धन. बिट्टी म्हणजेच विष्णू हे समीकरण राजाच्या नावातच बसलेलं आहे. माझ्या मते या वादात याहून बोलका पुरावा नाही.

आता नणंदेचं "विटेवर उभा". ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलीये की तिला हात लावताना जपावं लागतं, आणि जपायलाच हवं. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, देव दारात आला, त्याने वीट भिरकावली आणि म्हणाला थांब जरा, आणि तो आजतागायत थांबलाय. या कथेला माझा विरोध नाही, माझी सगळी पोथी त्यावर उभी आहे. पण शब्दाची फोड म्हणून "वीट अधिक स्थल म्हणजे विठ्ठल" हे मात्र अडखळतं. एक तर आपल्याकडे एकेरी "ल"चा बोलीत "ळ" होतो, फलचं फळ, कमलचं कमळ, स्थलचं थळ नाहीतर स्थळ. कानडीत सुद्धा स्थळच. मग हा शब्द स्थलावरून आला असता तर आपण विठ्ठळ म्हटलं असतं. पण आपण विठ्ठल म्हणतो, स्वच्छ "ल", आणि असा "ल" टिकतो तो जुन्या "ल्ल" प्रत्ययातला, पुढील, मागील, पहिला यातला. दुसरं म्हणजे वीट या शब्दातला "व" मराठीने आपल्या पदरचा लावलाय. मूळ इष्टका, हिंदीत ईंट, कानडीत इट्टिगे, "व" फक्त आपल्याकडे. पण विठ्ठलमधला "व" मात्र कानडीतही आहेच. म्हणून मला वाटतं नाव आधी होतं, वीट त्याला नंतर येऊन चिकटली, कानाला दोन्ही सारखं लागलं म्हणून. नणंदेला हे सांगताना भांडू नकोस एवढंच, कारण लोकांनी आठशे वर्षं जो अर्थ मनात धरला तोही अर्थच असतो, फक्त तो व्युत्पत्ती नसतो.

तिसरा अर्थ कीर्तनकारांकडून ऐकशील. "विद्" म्हणजे ज्ञान, "ठ" म्हणजे शून्य, "ल" म्हणजे घेणारा. ज्ञानाने शून्य असलेल्या भोळ्याभाबड्यांना जो जवळ घेतो तो विठ्ठल. ही पंडितांनी मागाहून बसवलेली फोड आहे, अक्षर अक्षर सुटं करून असा अर्थ काढायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे आणि भाषाशास्त्राच्या काट्यावर ती टिकत नाही. तरी पण तीनही अर्थांतला मला सगळ्यात प्रिय हाच. कारण ज्याने कुणी ही फोड केली त्याला देव बरोबर कळला होता. शिंपी, कुंभार, माळी, महार, दासी, न्हावी, ज्यांना कुणी वेद शिकवले नाहीत त्या सगळ्यांना जवळ करणारा देव. तुला बारशात चार लोकांना अर्थ सांगायचा असेल तर हा सांग, फक्त "संतपरंपरेत असा अर्थ लावतात" असं म्हणून सांग.

आणि ते वेबसाईटवरचं "समृद्धी देणारा". बाई गं, ते सोडून दे. तो अर्थ कुठल्याच धातूतून निघत नाही, कुठल्याच परंपरेत नाही. या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, एकाने चुकीचं लिहिलं की शंभर ठिकाणी तेच. माझ्याकडे आलेल्या कित्येक आईबापांनी असं नाव ठेवून मग दोन वर्षांनी अर्थ विचारलाय आणि मला काय उत्तर द्यावं समजलेलं नाही. नाव ठेवण्याआधी घरातल्या, ओळखीतल्या कुणाही संस्कृत येणाऱ्या माणसाला एकदा विचारावं, पाच मिनिटांचं काम असतं.

आता तुमच्या घरातलं खरं भांडण, मराठी की कानडी. दोघंही बरोबर आहेत असं मी म्हणणार आहे आणि ते मन राखायला नाही. पंढरपूर आज सोलापूर जिल्ह्यात आहे म्हणून आपल्याला ते पक्कं मराठी वाटतं, पण बाराव्या-तेराव्या शतकात हा सगळा पट्टा दोन भाषांचा होता. देवळात होयसळ राजा सोमेश्वराचा 1237 सालचा लेख आहे, त्यात विठ्ठलासाठी गाव दान दिल्याचा उल्लेख आहे. म्हणजे कर्नाटकातला राजा पंढरपुरात दान देतोय. त्याच देवळात पुढे शके 1195 ते 1199 मधला, म्हणजे रामदेवराव यादवाच्या काळातला, देणगीदारांचा लेख आहे, तोच तो चौऱ्याऐंशीचा शिलालेख, त्याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी वारकऱ्यांची श्रद्धा म्हणून ते नाव पडलं. चाळीसेक वर्षांच्या अंतराने एकाच देवळात होयसळ आणि यादव दोघंही हजर. आणि ज्ञानेश्वरांनी तर अभंगात सरळ "कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु" म्हणून टाकलंय. काहीजण तिथे कानडा म्हणजे अनाकलनीय असा अर्थ लावतात, तो शब्द तसाही वापरतात हे खरं, पण त्याच्या पुढेच कर्नाटकु आहे, त्याचं काय करायचं? मला तरी माऊलींनी मोकळेपणाने सांगितलेलं दिसतं की हा देव तिकडचा, आणि मी त्याच्यावर जीव टाकलाय.

तिकडे सासरी बघ. हंपीचं विठ्ठल मंदिर जगभर माहितीये, ते दगडी रथाचं. कानडी संतकवी पुरंदरदासांनी पदाच्या शेवटी "पुरंदर विठल" अशी मुद्रा, म्हणजे आपली नाममुद्रा, ठेवली, नंतर विजयदासांची विजय विठ्ठल, गोपाळदासांची गोपाळ विठ्ठल, जगन्नाथदासांची जगन्नाथ विठ्ठल. एवढे दास आणि सगळ्यांच्या नावापुढे हा एकच देव. आपल्याकडे सांगतात की विजयनगरच्या राजाने मूर्ती नेली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत पंढरपूरला आणली. देव असा दोन मुलखांत येजा करत राहिला. धनगरांचा विठ्ठल-बिरदेव घे, कोल्हापूरजवळ पट्टणकोडोलीची यात्रा त्याचीच, भंडाऱ्याने माखलेली, त्यातही कानडी-मराठी दोन्हीकडचे धनगर येतात. लोकसंस्कृतीचे संशोधक रा. चिं. ढेरे यांनी या गवळी-धनगरांच्या देवापासूनच विठ्ठलाचा माग काढलाय आणि त्यांचं ते काम वाचल्यावर मराठी का कानडी हा प्रश्नच मला थोडा लहान वाटायला लागला. तुमच्या पोराच्या घरात दोन्ही भाषा आहेत, या नावाला याहून योग्य घर कुठलं मिळणार सांग.

जाता जाता गुजरात. तिकडे हे नाव वल्लभाचार्यांच्या पुष्टिमार्गामुळे, म्हणजे त्यांच्या कृष्णभक्तीच्या संप्रदायामुळे, घरोघर गेलं. संप्रदायात अशी श्रद्धा आहे की वल्लभाचार्य पंढरपूरला आले तेव्हा विठ्ठलानेच त्यांना संसार कर म्हणून आज्ञा केली, आणि त्यांच्या मुलाचं नाव ठेवलं विठ्ठलनाथ. तिथून विठ्ठलदास, विठ्ठलभाई अशी नावं चालत आली. म्हणजे तुझा मुलगा उद्या अहमदाबादला नोकरीला गेला तरी नाव ओळखीचंच.

एक फाटा फोडते कारण तुझ्या नवऱ्याने विचारलंय की मग पांडुरंग ठेवलं तर. पांडुरंगचा शब्दाप्रमाणे अर्थ गोऱ्या, पांढुरक्या रंगाचा. आणि आपला देव काळा कुळकुळीत! लहानपणी मी हे वडिलांना विचारलं होतं आणि ते हसून म्हणाले होते, पंढरीला गेल्यावर त्यालाच विचार. पुढे शिकले तेव्हा कळलं की पंढरपूरचं जुनं कानडी नाव पंडरगे, लेखांमध्ये ते सापडतं, आणि त्या गावाच्या नावाला कुणीतरी संस्कृतचं सोवळं नेसवलं तेव्हा पंडरगेचा पांडुरंग झाला. आधी क्षेत्र पांडुरंग, मग क्षेत्राचा देव पांडुरंग. असा उलटा प्रवास आपल्याकडे पुष्कळ शब्दांचा झालाय. नाव छानच आहे, पण सासऱ्यांची आठवण ठेवायची तर विठ्ठलच ठेव, मला विचारशील तर.

आता माणसाचं नाव म्हणून. काहींना वाटतं की देवाचं नाव माणसाला लावायची पद्धत अलीकडची, तसं नाहीये. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत, आपेगावचे, म्हणजे तेराव्या शतकात हे नाव ब्राह्मण कुळकर्ण्याच्या घरात होतं. नामदेवांच्या चार मुलांची नावं नारा, विठा, गोंदा, महादा, म्हणजे शिंप्याच्या घरातही होतं, आणि बघ किती गोड, नारायणाचा नारा, विठ्ठलाचा विठा, गोविंदाचा गोंदा, महादेवाचा महादा. शिवाजी महाराजांच्या आजोबांचे, मालोजीराजांचे, सख्खे भाऊ विठोजी. तुकोबांच्या मुलाचं नाव विठोबा. बायकांमध्ये विठाबाई, तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांचं नाव कुणाला माहीत नाही. आणि तुमच्या घरासाठी म्हणून मुद्दाम सांगते, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे, ज्यांनी अस्पृश्यता निवारणाला आयुष्य दिलं, ते 1873 साली जमखंडीत जन्मले. जमखंडी आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात. मराठी घर, कानडी मुलूख, नाव विठ्ठल. तिकडे सरदार पटेलांचे थोरले भाऊ विठ्ठलभाई, केंद्रीय कायदेमंडळाचे निवडून आलेले पहिले भारतीय अध्यक्ष, तेही 1873 चेच. नाव जुनाट आहे म्हणणाऱ्या मैत्रिणीला हे दोन विठ्ठल दाखव.

जात, गाव, पैसा कसलीच अट या नावाला कधी नव्हती. एकदा एका खेड्यातल्या शाळेचं जुनं दाखल्यांचं रजिस्टर चाळायला मिळालं होतं, बोरूने लिहिलेलं, कागद पापडासारखा झालेला. एकाच पानावर विठ्ठल, विठू, विठोबा, विठा आणि एका मास्तरांनी ऐकलं तसं लिहिलेलं "इठ्ठल", आणि पुढे जातीच्या रकान्यात पाचही वेगळ्या जाती. मी ते पान बराच वेळ उलटलं नाही.

त्या "इठ्ठल"वर हसू नकोस बरं का. आपल्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा "वि" सहज "इ" होतो. विंचूचा इंचू, विळ्याचा इळा, विस्तवाचा इस्तव, तसा विठ्ठलाचा इठ्ठल. साताऱ्याकडच्या तुझ्या आज्या-पणज्या इठ्ठल इठ्ठलच म्हणत आल्या असतील. तो अशुद्ध उच्चार नाही, ती भाषेची स्वतःची चाल आहे. रुक्मिणीची रखुमाई अशीच झाली, आणि रखुमाई म्हटल्यावर जी जवळीक वाटते ती रुक्मिणी म्हटल्यावर वाटते का?

आता विठ्या. चिडवतील का? चिडवतील, मुलं कुठल्याही नावाला चिडवतात. विठू विठू पोपट म्हणतील, आणखी काही म्हणतील. पण "विठ्या" ही शिवी नाही ग. जनाबाई देवावर रागावली तेव्हा तिने "अरे विठ्या, अरे विठ्या" अशीच हाक मारली होती, आणि तिच्याइतकं देवाच्या जवळ कोण होतं? या देवाला कुणी अहोजाहो केलंच नाही, त्याला विठू म्हटलं, विठो म्हटलं, विठाई म्हणून आई केलं. जे नाव इतक्या तऱ्हेने लाडात येतं ते मुलाला कधी परकं वाटत नाही. घरी तुम्ही आधीपासून प्रेमाने विठू म्हणत राहिलात तर शाळेतलं विठ्या त्याला बोचणारही नाही असं मला माझ्या विद्यार्थ्यांवरून वाटतं. माझ्या शेवटच्या काही वर्षांत वर्गात ढीगभर "आर्यन" होते आणि एक विठ्ठल होता, आणि वर्षाच्या शेवटी सगळ्या शिक्षकांना नाव लक्षात राहिलेला मुलगा तो होता.

स्पेलिंगचं आत्ताच ठरवून टाक, हे मी हात जोडून सांगते. देवनागरीत आपण विठ्ठल लिहितो, ठ ला ठ. खरं तर दोन ठ एकापाठोपाठ तोंडातून निघतच नाहीत, म्हणून बघ, जीभ पहिल्यांदा ट वरच अडते आणि मग ठ सुटतो. विट्ठल असाच उच्चार होतो. हिंदीवाले चिट्ठी लिहितात ते उच्चाराला धरून, आपण चिठ्ठी, लठ्ठ, मठ्ठा, पठ्ठ्या लिहितो ती मराठीची रूढी. दोन्ही चूक नाही, पण मराठीत विठ्ठलच लिही. कानडीत घरचे विठ्ठल लिहितील किंवा एकेरी ठ चं विठल, पुरंदरदासांसारखं, तेही चालतं. खरी गंमत, म्हणजे त्रास, इंग्रजीत आहे. कुणी डबल टी आणि एच लिहितं, कुणी नुसता टी-एच, कुणी टी-एच दोनदा, कुणी एच गाळूनच टाकतं. माझ्या चुलतभावाच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं आणि पासपोर्टच्या वेळी तिसरं निघालं, त्या एका एच साठी त्याने प्रतिज्ञापत्रं करत चार महिने घालवले. तेव्हा व्ही, आय, डबल टी, एच, ए, एल असं सरळ लिहा, ते उच्चाराच्या सगळ्यात जवळचं आहे. सासऱ्यांच्या कागदांवर वेगळं असेल तरी असू दे, मुलाचं पहिलं कागद तुमच्या हातात आहे. जन्मनोंदणीत नाव अजून घातलं नसेल तर घाईत कुणाला फोनवरून सांगू नका, जन्मनोंदणीपासून एक वर्षाच्या आत नाव घालायला फी लागत नाही, स्वतः जाऊन, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि दाखला हातात आल्यावर तिथल्या तिथे वाचून घ्या.

पत्रिकेतलं अक्षर. "वी" हे रोहिणी नक्षत्राचं तिसरं अक्षर, रोहिणीची अक्षरं ओ, वा, वी, वू. तुझ्या बाळाचं नक्षत्र दुसरं आहे म्हणून सासूबाईंना घोर लागलाय असं लिहिलंयस. यात घोर लागण्यासारखं काही नाही. नक्षत्राचं नाव आणि व्यवहाराचं नाव वेगळं ठेवायची पद्धत फार जुनी आहे. गुरुजींना नक्षत्राप्रमाणे एक नाव पत्रिकेत लिहायला सांगा, पाळण्यात दुसरं घ्या, सगळं शास्त्राला धरूनच आहे. कुणी अक्षरसंख्या काढली तर तेही सांगून ठेवते, पारस्कर गृह्यसूत्रात, म्हणजे घरच्या संस्कारांच्या जुन्या ग्रंथात, मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी ठेवावं असं आहे आणि विठ्ठल तीन अक्षरी होतं. पण मग गणेश, महेश, सुरेश, प्रकाश सगळेच तीन अक्षरी, त्यांचं कुणाचं काय बिघडलं? आणि फारच कुणी हट्टाला पेटलं तर विठू दोन अक्षरी आहे.

शेवटची गोष्ट तू विचारली नाहीस पण तीच सगळ्यात महत्त्वाची आहे, सासूबाई त्याला हाक काय मारणार? माझ्या आजोबांचं नाव विठ्ठल होतं. आजी नवऱ्याचं नाव घेत नसे, त्या काळी कुणीच घेत नसे, त्यामुळे हरिपाठात सगळे विठ्ठल विठ्ठल म्हणायला लागले की आजी तेवढ्यापुरती गप्प व्हायची, ओठ मिटून टाळी चालू, आणि ज्ञानदेव तुकाराम आलं की पुन्हा आवाज लावायची. आषाढीला पंढरपूरला गेली तर तिथेही पांडुरंग, पांडुरंग. आजोबा गेल्यावर चुलतभाऊ झाला, त्याचं नाव विठ्ठल ठेवलं, सगळ्यांना वाटलं आजीला आनंद होईल, आणि झालाही, पण तिला त्याला हाकच मारता येईना. बारशाच्या दुसऱ्या दिवशी पोर रडत होतं आणि ती पाळण्याची दोरी धरून नुसती "ए... ए..." करत होती. मग तिनेच तोडगा काढला आणि त्याला "माउल्या" म्हणायला लागली, तो आज साठीचा आहे आणि आम्ही सगळे अजून त्याला माउल्याच म्हणतो. त्याच्या त्या तीन स्पेलिंगांच्या कागदांवर सोडलं तर विठ्ठल म्हणून त्याला हाक मारणारे फक्त ऑफिसातले लोक.

सासूबाई तशा जुन्या वळणाच्या असतील किंवा नसतील, पण नवरा जाऊन वर्षच झालंय, ते नाव दिवसातून पन्नास वेळा घरात ऐकू येणार आहे. त्यांना शेजारी बसवून विचार, तुम्ही त्याला काय म्हणाल? त्या जे सांगतील, कानडीत, मराठीत, काहीही, ते नाव पण आत्याला पाळण्यात घ्यायला सांग, विठ्ठलच्या बरोबरीने, मोठ्यांदा.